नऊ नंबरचं पाणी

आरोग्य खात्यात ताईचं पद एवढं लांबलचक होतं, की ते दारावरच्या पाटीत मावेना. ‘सार्वजनिक आरोग्य धोरण व जनसंपर्क विश्लेषक’ असं रंगाऱ्याला लिहून दिलं, तर त्यानं ‘विश्लेषक’ खालच्या ओळीत ढकललं आणि त्यातलाही ‘क’ चौकटीवर चढवला. तेव्हापासून शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला पत्रकबाई म्हणायला लागले. नाव काही चुकीचं नव्हतं. शहरात कुठे ताप वाढला, कुठे जुलाब सुरू झाले, कुठल्या दवाखान्यात किती माणसं आली, हे सगळे आकडे तिच्याकडे यायचे. त्यातून काय शिजतंय ते ओळखायचं, काय करावं ते साहेबांना सांगायचं, आणि मग लोकांना काय सांगायचं ते चार ओळींत लिहायचं. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड. साहेबांना सांगितलेलं साहेब विसरून जातात, पण लोकांना सांगितलेलं लोक करून बसतात.

पत्रक लिहिण्याची ताईची एक रीत होती. छापायला देण्याआधी ती खालच्या दवाखान्यात रांगेतल्या बाकावर जाऊन बसायची. शेजारी जो कोणी असेल त्याला वाचून दाखवायची आणि विचारायची, “आता तुम्ही घरी जाऊन काय करणार, ते मला सांगा.” माणूस अडखळला की ती ओळ गेली. धान्यातला खडा काढावा तसा ती जड शब्द काढून फेकायची. तिचं पत्रक कळलं नाही असं म्हणणारा माणूस शहरात भेटला नसता.

आणि ताई होती मुळातली भित्री. कुलूप लावलं की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत जाणारी. नवरा म्हणायचा, “सरकारनं माणूस बरोबर हेरलंय. नाहीतर घाबरायचा पगार कोण देतं कुणाला?” ताई हसायची, पण तिलाही ते खरं वाटायचं. जो स्वतः घाबरत नाही, त्याला दुसऱ्याला कशाची भीती वाटेल हे कसं कळणार?

तिच्या सगळ्या भीतीचं मूळ मात्र एकच होतं, आणि त्याचं नाव चिमणी. चिमणी म्हणजे ताईच्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी घास घास करून भरवावं लागायचं, म्हणून हे नाव पडलं. बहीण लवकर गेली. माय मरो, मावशी उरो म्हणतात, तशी ताई उरली आणि तिनं पोरीला पोटाशी धरून वाढवलं. ताईला स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे वाटणीचा प्रश्नच आला नाही. चिमणीचं लग्न झालं, दोनदा आशा लागली आणि दोनदा निसटली. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि आठवा महिना चालू होता. घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, जणू बोललं की दृष्ट लागेल.

अशात एका सकाळी आकड्यांमधून कावीळ वर आली.

आधी एका दवाखान्यातून थोडे, मग दुसऱ्यातून जास्त. ताई आकड्यांवर बोट फिरवत गेली तसतसं बोट गार पडत गेलं. रक्ताच्या चाचण्या आल्या. ही पाण्यातून पसरणारी कावीळ होती, आणि तिच्यातली अशी जात, की धडधाकट माणूस महिनाभर पडून राहतो आणि उठतो, पण पोटुशी बाई, त्यातून शेवटच्या महिन्यांतली, कधी कधी उठतच नाही. ताईनं हे वाक्य कितीतरी अहवालांत लिहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते वाचताना तिला पाणी प्यावंसं वाटलं, आणि समोरचा पेला बघून तिनं हात मागे घेतला.

तिनं पाणीखात्याच्या इंजिनियरला फोन लावला. हा माणूस विचारलं तेवढंच सांगणारा, एक शब्द कमी नाही आणि जास्त नाही.

“सापडलं,” तो म्हणाला. “उंच टाकीच्या मोठ्या नळात गटाराचं पाणी झिरपतंय. खोदायला माणसं लावलीत.”

चिमणीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती टाकी दिसायची. “टाकी कुठल्या वॉर्डात येते हो?” तिनं विचारलं.

“नऊ नंबरमध्ये.”

चिमणी सात नंबरमध्ये राहायची. ताईनं तोंडावरून हात फिरवला आणि श्वास सोडला. भीतीनं माणसाचे डोळे मोठे होतात असं म्हणतात. सुटका झाली की ते मिटतात, हे कोणी सांगत नाही. त्याच इंजिनियरला आणखी एक प्रश्न विचारायचा होता, तो तिच्या मनात आलाच नाही.

तिनं पत्रक लिहायला घेतलं. पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘उंच टाकीवरून ज्यांच्याकडे पाणी येतं, त्या सगळ्यांनी पाणी चांगलं उकळून प्यावं.’ ते घेऊन ती खाली रांगेत गेली. गुडघा बांधलेला एक म्हातारा होता. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “उंच टाकी म्हणजे कुठली? बाजारामागची का शाळेजवळची? दोन्ही उंचच आहेत.” पलीकडची बाई म्हणाली, “आमचं पाणी कुठून येतं मला काय माहीत? नळातून येतं.” माणसं अडखळली, म्हणजे ओळ गेली. ताईनं तिथेच पेननं काट मारली आणि वर लिहिलं, ‘वॉर्ड नऊमधल्या सर्वांनी.’ मग पुन्हा वाचलं.

म्हातारा लगेच म्हणाला, “नऊ नंबरवाल्यांनी उकळायचं. आम्ही चार नंबरवाले, आम्हाला काही नाही.”

बाईही तेच बोलली. तिच्या मागचाही तेच बोलला. इतकं स्वच्छ पत्रक ताईनं उभ्या जन्मात लिहिलं नव्हतं. दुपारी ते छापून गेलं, भोंग्याची गाडी नऊ नंबरमध्ये फिरली, फोनवर सगळीकडे पोचलं.

खात्यात एक नियम होता आणि तो ताईनंच घालून दिला होता. धोक्याची बातमी आधी लोकांना, मग घरच्यांना. कारकुनानं घरी फोन केला की तो मेहुण्याला सांगतो, मेहुणा गल्लीला सांगतो, आणि सरकारचं पत्रक येईपर्यंत अफवेला पाय फुटलेले असतात. ताईनं नियम पाळला. चिमणीला फोन केला नाही. करायची गरजही वाटली नाही, सात नंबरच तर होता.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर ती चिमणीकडे गेली. चिमणी दोन्ही हातांनी कंबर धरून दार उघडायला आली. तिचा नवरा बस चालवायचा, तो कामावर होता.

“ये गं मावशी. कशी दिसतेय बघ, पिंप झालंय माझं.”

“पिंपाला बरं म्हणायचं, चार चाकांच्या गाडीवरून नेता येतं. तू बस आधी.”

चिमणी हसली, मोरीजवळ गेली, नळ सोडला, दोन पेले भरले. एक मावशीला दिला आणि दुसरा स्वतः घटाघटा प्यायली.

“उकळलेलं नाही होय?” ताईनं सहज विचारलं.

“तुझंच पत्रक वाचलं की. नऊ नंबरवाल्यांनी उकळायचं. आमचा सात. खालचे शिंपीकाका पण काल पातेलं चढवायला निघाले होते. मीच सांगितलं, काका, मावशीनं लिहिलंय म्हणजे लिहिलंय, उगाच गॅस जाळू नका.” मग खिडकीकडे हनुवटी करून म्हणाली, “नाहीतरी तिकडे खोदाखोद चाललीय, आता टाकी धुवायला काढतील, मग दोन दिवस आमचे नळ कोरडे. दरवेळी तसंच होतं.”

ताईच्या हातातला पेला हातातच राहिला. “टाकी धुतली की तुमचे नळ कोरडे का होतात?”

“मग? पाणी त्या टाकीचंच ना.”

ताईनं पेला खाली ठेवला. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते तिला त्या मोरीजवळ कळलं. तिनं पातेलं शोधलं, भरलं, गॅसवर ठेवलं, आणि तिथूनच इंजिनियरला फोन लावला.

“सात नंबरला पाणी कुठून येतं?”

“वरच्या भागाला शाळेच्या टाकीवरून. खालच्या गल्ल्या उंच टाकीवर,” तो म्हणाला.

“अहो, मग काल सांगितलं का नाहीत?”

“बाई, तुम्ही टाकी कुठे आहे ते विचारलंत. पाणी कुठे जातं, ते नाही विचारलंत. वॉर्ड मतं मोजायला पाडलेत. पाणी काय मत देतं?”

त्याचं बरोबर होतं, आणि म्हणूनच ते सहन होत नव्हतं. आरोग्य खात्याच्या नकाशात वॉर्ड होते, पाणीखात्याच्या नकाशात नळ होते, आणि दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून बघायचं काम जिचं होतं, तिनं ओळ सोपी करायला त्यातलं टाकीचं पाणीच कापलं होतं.

“मावशी, काय झालं?” चिमणीनं विचारलं. तिचा हात आपोआप पोटावर गेला होता.

“नळाचं पाणी आता तोंडात घालायचं नाही. चूळसुद्धा भरायची नाही. उकळी फुटली की आणखी थोडा वेळ राहू दे. आणि खाली जाऊन शिंपीकाकांना सांग. नको, तू जिना उतरू नकोस, मी सांगते.”

“म्हणजे मी जे प्यायले ते?”

तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जिना उतरली. शिंपीकाका मशीनवर होते. त्यांच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “काल उकळत होतो, तेव्हा नको म्हणालात. आज सोडून दिलं, तर उकळा म्हणता.” पण तिनं नळ बंद केला.

ताई रस्त्यात आली आणि तिला ती गल्ली दिसली. दोन्हीकडे घरं, प्रत्येक घरात नळ, प्रत्येक नळाखाली काहीतरी भरत होतं. एक बाई पोराला ओंजळीनं पाणी पाजत होती. ताई तिच्याकडे धावली, ओरडून सांगितलं. ती बाई पोराला मागे ओढून म्हणाली, “कोण तुम्ही? पत्रकात तर नऊ नंबर लिहिलंय.” तेव्हा ताईला कळलं, की आपलंच पत्रक आता आपल्याला आडवं येणार.

कचेरीत मोठे साहेब निघायच्या तयारीत होते. माणूस वाईट नव्हता. पण मागे एकदा कुठल्याशा औषधाबद्दल खात्यानं एक सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बदललं, तर लोकांनी वर्षभर खात्याची टिंगल केली होती. त्या टिंगलीनं तोंड पोळल्यापासून साहेब सगळंच फुंकून पीत.

“दुरुस्ती काढायची म्हणजे लोक म्हणणार, यांना काही कळत नाही,” साहेब म्हणाले. “मग नऊ नंबरवालेसुद्धा उकळायचं सोडतील. ते बघा ना तुम्ही. तुम्हीच नेहमी सांगता, लोकांना दोन दोन गोष्टी सांगायच्या नाहीत.”

“सांगते खरी.”

“उद्या पाणीखात्याबरोबर बैठक लावू. नकाशे नीट जुळवू. मग एकदाच काय ते सांगू.” त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. “तुमची भाची तिकडेच राहते ना? तिला सांगितलंत? मग झालं तर. तुम्ही आता काळजी करू नका.”

ताईला वाटलं, हो म्हणावं आणि घरी जावं. चिमणीच्या घरात पातेलं चढलं होतं. तिच्या भीतीला जेवढं हवं होतं तेवढं झालं होतं. पण मघाची ती ओंजळ डोळ्यांपुढून जात नव्हती.

“साहेब, तिला मी सांगितलं, कारण मी तिच्याकडे पाणी प्यायला गेले,” ती म्हणाली. “बाकीच्यांकडे कोण जाणार आज पाणी प्यायला?”

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, “लिहा. पण ‘अधिक स्पष्टीकरण’ असं लिहा.”

“तसं लिहिलं तर कोणी वाचणार नाही. मी वाचणार नाही.”

“मग काय लिहिणार?”

“काल आम्ही चुकीचं सांगितलं, असं.”

“खात्यानं आजवर असं कधी लिहिलेलं नाही.”

“खात्याच्या नावावर नको असेल तर माझं पद टाका खाली. सगळं लांबलचक. निदान एकदा तरी कुठेतरी मावेल.”

साहेबांना हसू आलं की रडू, ते त्यांनाही कळलं नसावं. सही खात्याच्याच नावावर झाली. खाली कोणाचं पद टाकलं नाही.

भोंग्याच्या गाडीत ताई स्वतः बसली. या वेळी रांगेत जाऊन वाचून दाखवायला वेळ नव्हता. काल आम्ही चुकीचं सांगितलं, ती बोलायची, आणि गल्लीगल्लीचं नाव घेऊन पुढचं सांगायची. माणसं दारात येऊन बघायची. एकजण ओरडला, “आज सात नंबर, उद्या कुठला काढणार? सोडत आहे का?” दुसरी म्हणाली, “काल पोटभर पाजलंत, आता सांगताय.” काहींनी खिडक्या लावून घेतल्या. ड्रायव्हर पुटपुटला, “बाई, शिव्या पण भोंग्यातून जातायत, माईक खाली धरा.” ताई बोलत राहिली. शिव्या देणारा माणूस ऐकत तर होता.

नळ दुरुस्त झाला, टाकी धुतली. आणि मग खरी भीती सुरू झाली.

ही कावीळ पाण्याबरोबर पोटात जाते, पण लगेच दिसत नाही. आठवडेच्या आठवडे आत दबा धरून बसते. चिमणीनं खराब पाणी पत्रकाच्या आधी प्यायलं होतं आणि पत्रकानंतरही. त्यातल्या कुठल्या पेल्यात काय होतं, हे कोण सांगणार? ताई रोज कचेरीत जाण्याआधी तिच्याकडे जायची, तिला खिडकीशी उजेडात बसवायची आणि डोळ्यांतला पांढरा भाग बघायची.

“मावशी, तू असं बघतेस ना, की मलाच वाटतं मी पिवळी झाले,” चिमणी म्हणायची.

“नाही गं. कुठे काय.”

“मग रोज काय बघतेस?”

“तुझे डोळे तुझ्या आईसारखे आहेत की नाही ते बघते.”

“इतक्या वर्षांत बघून झालं नाही?”

जावई मात्र बोलायचा नाही. तो ताईच्या समोर पाणी उकळायचा, गार करायचा, गाळायचा, आणि भांडं जरा जोरानंच ठेवायचा. त्याच्या मनात काय आहे ते त्या भांड्याच्या आवाजात ऐकू यायचं. ताईनं ते ऐकून घेतलं.

शिंपीकाका पडले, ते याच दिवसांत. आधी अन्नावरची वासना गेली, मग डोळे हळदीसारखे झाले. त्या गल्लीत आणखीही काहीजण पडले. आकडे ताईच्याच टेबलावर येत होते. आता त्या आकड्यांना चेहरे होते, आणि ती ते चेहरे मोजायची.

मग एका सकाळी जावयाचा फोन आला. “ताप आलाय. उलटी झाली. मी हॉस्पिटलमध्ये नेतोय.” एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

हॉस्पिटलच्या बाकावर ताई आणि तिचा नवरा बसले. एरवी प्रत्येक गोष्टीत एक टोमणा शोधणारा तो माणूस, त्या दिवशी भिंतीवरचं एक पत्रक पुन्हा पुन्हा वाचत बसला होता. पत्रक ताईचंच होतं, हात धुण्याबद्दलचं, बरंच जुनं. जावई समोर उभा होता, भिंतीला पाठ लावून. रक्त तपासायला गेलं होतं. दार उघडायचं, नर्स दुसऱ्याच कोणाचं नाव घ्यायची, आणि तिघांचेही जीव दारापर्यंत जाऊन परत यायचे.

“मावशी,” जावई अचानक म्हणाला, “तुम्ही घरी फोन करायला पाहिजे होता. पहिल्याच दिवशी.”

“पहिल्या दिवशी फोन केला असता, तरी सात नंबरला काही नाही असंच सांगितलं असतं रे,” ताई म्हणाली. “मलाच माहीत नव्हतं.”

जावयानं तिच्याकडे पाहिलं. त्याला रागवायला एक जागा हवी होती आणि तीही तिनं काढून घेतली होती. तो खाली बसला. बाकावर जागा असून जमिनीवर बसला.

डॉक्टरीणबाई आली तेव्हा तिघेही एकदम उठले. ती म्हणाली, कावीळ नाही. यकृत ठीक आहे, बाळाचे ठोके ठीक आहेत, साधा ताप आहे, दोन दिवस ठेवून घेऊ. पण अजून काही आठवडे लक्ष ठेवायचं, रक्त पुन्हा तपासायचं. जावयानं तोंड हातांत लपवलं. नवरा म्हणाला, “ऐकलंस ना? ठीक आहे म्हणाली.” ताईनं फक्त ‘पुन्हा तपासायचं’ एवढंच ऐकलं होतं.

चिमणीचे कपडे आणायला ती एकटीच तिच्या घरी निघाली. जिन्याच्या तोंडाशीच शिंप्याचं दार उघडं होतं. काकांची बायको उंबऱ्यात उभी होती, बातमीची वाट बघत.

“काय आलं?”

“ठीक आहे. कावीळ नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली. मनापासून म्हणाली, पण चेहरा हलला नाही. “पोर वाचली. आत या जरा.”

शिंपीकाका कॉटवर पडून होते. अंगातलं मांस उतरलं होतं, पण डोळ्यांतला पिवळा रंग थोडा मागे हटला होता. ते हात जोडायला गेले आणि हात अर्ध्यातच खाली आला.

“तुम्हाला एक विचारायचं होतं,” बायको म्हणाली. “तुम्ही त्यातल्या शिकलेल्या. पहिलं पत्रक आलं, तेव्हा हे पातेलं चढवत होते. मग चढवलं नाही. मध्ये जे पाणी प्यायले, त्यानं हे झालं? की आधीच झालं होतं?”

ताईला उत्तर माहीत होतं, म्हणजे बहुधा माहीत होतं. बहुतेक आधीचंच पाणी. तसं सांगितलं असतं तर तिच्या उरावरचा दगड उतरला असता, त्या बाईचाही उतरला असता, आणि ते खोटंही ठरलं नसतं. जन्मभर तिनं लोकांना एकच गोष्ट सांगितली होती, छोटी आणि स्वच्छ. तिनं काकांकडे पाहिलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “बहुतेक आधीच. पण मधल्या पाण्यानंही होऊ शकतं. ते आता कोणालाच सांगता येणार नाही.”

काका कॉटवरून हलक्या आवाजात म्हणाले, “सरकारचं माणूस, आणि माहीत नाही म्हणतंय. जगबुडी जवळ आली म्हणायची.”

बायकोला हसू आलं नाही. मग तिनं मशीनपुढचं स्टूल ओढलं, त्यावरचे चिंध्यांचे तुकडे हातानं झाडले आणि म्हणाली, “बसा.”

ताईला कपडे घेऊन लगेच जायचं होतं. पण ती बसली.